तीनशे बॉडवर चालणारं गाव

हॅबिटॅट या जुन्या ऑनलाइन गेमचं नाव ऐकलंय का असं मी सध्या नाशकात भेटेल त्या गेम खेळणाऱ्या पोराला विचारत सुटलोय, कॉलेज रोडला, इंदिरानगरला, ऑफिसात, भाच्याच्या मित्रांमध्ये, आणि कुणालाच माहीत नाही, आणि खरं सांगतो मला त्याचं वाईट वाटतं. कारण आज ही पोरं रोब्लॉक्स या ऑनलाइन गेममध्ये जे करतात ना, म्हणजे आपला एक बाहुला बनवायचा, त्याला नटवायचं, दुसऱ्याच्या घरी जायचं, गप्पा ठोकायच्या, खोटे पैसे कमवायचे आणि त्यावरून खरी भांडणं करायची, हे सगळं १९८६ साली सुरू झालं होतं. तेही कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर, ज्याची अख्खी मेमरी ६४ केबी. सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर काका लोकांचा गुलाबाच्या फुलाचा गुड मॉर्निंग येतो, तोसुद्धा यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत या लोकांनी गाव वसवलं, त्याला बँक होती, पेपर होता, चोर होते, एक चर्च होतं. हे कसं बांधलं आणि बांधताना बांधणाऱ्यांची डोकी कशी बदलत गेली हे मराठीत लिहिलेलं असावं असं वाटलं म्हणून लिहितोय. लांबणार आहे, निवांत वाचा.

आता कुणीतरी म्हणेलच की पहिलं ऑनलाइन जग काही हॅबिटॅट नव्हे. मान्य. इंग्लंडात एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये मड नावाचं एक खेळायचं जग लिहायला घेतलं, मग रिचर्ड बार्टलने ते हातात घेऊन वाढवलं, आणि त्यात एका वेळी अनेक जण शिरून हिंडू शकायचे. पण ते सगळं मजकुरात होतं, तुम्ही टाइप करायचं की उत्तरेला जायचंय, मग समोर अक्षरं उमटणार की तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर तमुक उभा आहे. त्याचीही वेगळीच मजा आहे आणि त्यावर कधीतरी लिहीन. पण चित्रातलं जग, घरच्या मशीनवर, पैसे भरून येणाऱ्या साध्या गिऱ्हाइकांसाठी आणि तेही हजारोंच्या संख्येने, असा मोठा प्रयत्न म्हटला की पहिलं नाव हॅबिटॅटचंच घेतात.

१९८५ मध्ये लुकासफिल्म गेम्सने, म्हणजे जॉर्ज लुकासच्या कंपनीच्या गेमवाल्या विभागाने, हे काम सुरू केलं. मुख्य माणूस चिप मॉर्निंगस्टार. त्याच्या जोडीला रँडी फार्मर, जो पुढे त्या जगाचा कारभारीही झाला, प्रोग्रामिंगला अ‍ॅरिक विल्मंडर आणि जॅनेट हंटर, आणि चित्रं गॅरी विनिकची. ही मंडळी कॅलिफोर्नियात. आणि ज्यांच्या सर्व्हरवर हे चालणार ती क्वांटम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी पार दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनियातल्या व्हिएन्ना गावात. या क्वांटमची क्यू-लिंक नावाची ऑनलाइन सर्व्हिस नोव्हेंबर १९८५ मध्ये सुरू झाली होती, फक्त कमोडोरवाल्यांसाठी, संध्याकाळी आणि शनिवार-रविवार, महिन्याचे पैसे वेगळे आणि काही भागांत शिरलं की मिनिटामिनिटाला सेंट पडत राहणार. हीच क्वांटम पुढे १९९१ मध्ये नाव बदलून अमेरिका ऑनलाइन झाली, एओएल हो, तीच ती.

तर अडचण काय होती ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. लोकांकडे मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणारे डबे, होते ३०० बॉडचे. ३०० बॉड म्हणजे ढोबळमानाने सेकंदाला ३० अक्षरं. सेकंदाला ३०! तुम्ही आत्ता हे वाक्य वाचताय तो वेग त्याच्यापेक्षा फार कमी नाही. आणि कमोडोरच्या एका चित्राच्या स्क्रीनला रंगांची माहिती सोडून ८,००० बाइट लागतात. भागा ३० ने. जवळजवळ साडेचार मिनिटं, एक चित्र यायला, आणि त्यात एक माणूस एक पाऊल चालला की चित्र बदललं, परत साडेचार मिनिटं. म्हणजे या वाटेने जाणं शक्यच नव्हतं.

मग त्यांनी चित्र पाठवलंच नाही. हे मला इतकं आवडतं ना. झाड कसं दिसतं, दार कसं दिसतं, माणूस चालताना पाय कसे हलतात, हे सगळं तुमच्या घरातल्या फ्लॉपीवर, जिची एक बाजू साधारण १७० केबीची. सर्व्हर फक्त एवढंच सांगणार की इथे एक झाड आहे, अमुक प्रकारचं, अमुक जागी. इथे एक दार आहे, बंद. इथे एक अवतार, म्हणजे कुणा खेळाडूचा बाहुला, उभा आहे, त्याच्या हातात पिशवी, तोंड डावीकडे. आणि तुम्ही जॉयस्टिकने जमिनीवर टोचलं आणि जा म्हटलं की सर्व्हरला जातं ते फक्त की हा इथे निघाला, मग शेजारच्या राज्यात बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या स्क्रीनवर तुमचा बाहुला पावलं टाकत चालायला लागतो, आणि ती पावलं त्याची मशीन काढते, तुमच्याकडून ती कुणी पाठवत नाही. घरच्या बाजूचा प्रोग्राम ६५०२ या चिपच्या असेंब्लीत, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिलेला, पलीकडे स्ट्रेटस कंपनीची मशीन, जी बँकावाले वापरायचे कारण एक भाग बिघडला तरी ती चालू राहायची, आणि तिच्यावर पीएल-वन भाषेतला प्रोग्राम. एका स्क्रीनमध्ये जास्तीत जास्त सहा अवतार. सातवा आला तर तो भूत होऊन यायचा, बघू शकणार पण कुणाला दिसणार नाही.

आणि यातून आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली जी त्यांनी नंतर आवर्जून लिहून ठेवली. तुम्ही चित्र न पाठवता वस्तू काय आहे ते पाठवलं की उद्या कुणाकडे भारी मशीन असेल तर ती तेच झाड जास्त सुंदर काढेल, साधी असेल तर साधं काढेल, जग तेच राहील. १९८५ मध्ये हा विचार!

इथे मला माझ्या कामाचं सांगावंच लागेल. आम्ही द्राक्ष बागायतदारांसाठी एक ॲप चालवतो, मी त्याचा सर्व्हर बघतो. आता दिंडोरी, निफाडकडे बागेत मांडवाखाली उभं राहिलं की रेंजची एक काडी, तीही कधी असते कधी नसते, आणि शेतकरी फवारणी चालू असताना नोंद करणार, हात ओले, घाई. तेव्हा बागेचा नकाशा, औषधांची यादी, सगळं फोनमध्ये बसवायचं आणि वर पाठवायचं ते फक्त कुठला प्लॉट, काय मारलं, किती, कधी. चार आकडे. जेव्हा मॉर्निंगस्टार आणि फार्मरने १९९० मध्ये लिहिलेला अनुभव पहिल्यांदा वाचला, ज्यात ते कळकळीने सांगतात की नेटवर्कचा वेग वाढला म्हणून उधळू नका, तो कायम कमीच पडणार आहे, तेव्हा मला वाटलं की हे आपल्या पिंपळगावच्या रस्त्यावर उभं राहूनच लिहिलंय.

बरं, तांत्रिक भाग झाला. पण हॅबिटॅटची खरी गोष्ट तिथे संपत नाही, तिथे सुरू होते. कारण कमीत कमी पाठवायचं आणि बाकीचं पलीकडच्याला करू द्यायचं हे मशीनच्या बाबतीत त्यांनी पहिल्या दिवसापासून मानलं होतं, पण माणसांच्या बाबतीत ते त्यांना मार खाऊनच कळलं.

जग कसं होतं ते सांगतो. एक स्क्रीन म्हणजे एक प्रदेश, त्याला जास्तीत जास्त चार बाजूंनी चार प्रदेश जोडलेले, असे साधारण २०,००० प्रदेश. मुख्य शहर पॉप्युलोपोलिस. प्रत्येक अवताराला स्वतःचं घर, त्याला टर्फ म्हणायचे. जन्माला आलात की २,००० टोकन, म्हणजे तिथले पैसे, बँकेत, आणि रोज लॉगिन केलं की १०० टोकन. रस्त्यावर एटीएम, वस्तू विकणारी मशीन, जुना माल विकत घेणारी मशीन, टेलिपोर्टचे बूथ. आणि डोकी! डोकं बदलता यायचं, विकत मिळायचं, दुर्मिळ डोकं असलं की माणूस भाव खायचा.

सुरुवातीला या लोकांना वाटलं की आपण हे सगळं आखू. २०,००० लोक येणार धरून चला, मग २०,००० घरं, गावं, त्यांना जोडणारे रस्ते, बाजार, गावांमधली मोकळी राने, आणि मुख्य म्हणजे या २०,००० लोकांना रोज करायला काहीतरी. आता हिशोब करा, एका प्रदेशाला एकच तास दिला, फक्त एक, तरी २०,००० तास, वर्षाला एका माणसाचे कामाचे तास २,००० धरले तर एका माणसाची दहा वर्षं, आणि एका तासात काय घंटा बनणार आहे. मग त्यांनी गल्ल्याच्या गल्ल्या आपोआप तयार करणारी साधनं लिहिली आणि घरांचा प्रश्न सुटला. करायला काहीतरी देण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही.

डनाल्सी बेटाची गोष्ट याच्यासाठी ऐकायलाच हवी. त्यांनी खजिन्याच्या शोधाचं एक मोठं साहस रचलं, जवळजवळ १०० प्रदेशांचं बेट, कल्पना सुचायला काही तास, बांधायला काही आठवडे, लोकांना गोळा करायला, वेळ जुळवायला काही दिवस. वाटलं आता लोक कितीतरी दिवस यातच रमतील. एका खेळाडूने पहिल्या १५ मिनिटांत मुख्य खूण ओळखली आणि साधारण आठ तासांत सगळं संपवून मोकळा. बाकीच्या कित्येकांना तर आत शिरायलाही मिळालं नव्हतं! आठवड्यांची मेहनत आणि एका संध्याकाळीच खेळ खल्लास. ज्याने कधी काही बनवून लोकांपुढे ठेवलंय त्याच्या पोटात हे वाचताना खड्डा पडतो.

आणि मग वेंड्रॉइडचं प्रकरण. वेंड्रॉइड म्हणजे ती वस्तू विकणारी मशीन. सगळ्या मशीनचे भाव थोडे थोडे वेगळे ठेवले होते, म्हणजे लोक हिंडतील, भाव बघतील, कुठे स्वस्त मिळतंय ते एकमेकांना सांगतील. चांगली कल्पना. पण दोन मशीनवर अशी किंमत बसली की तिथे वस्तू ज्या भावाला मिळायची त्याच्यापेक्षा जास्त भावाने जुना माल घेणारं मशीन ती विकत घ्यायचं. एक होती बाहुली, मिळायची ७५ टोकनला, विकली जायची १०० ला. दुसरा होता काचेचा गोळा, जादूवाले वापरतात तसा, मिळायचा १८,००० ला, विकला जायचा ३०,००० ला.

हे मी भाच्याला कागदावर करून दाखवलं, तो नववीत आहे, मोबाइल हातातून सुटत नाही पण हे ऐकताना सोडला होता. २,००० टोकनात २६ बाहुल्या येतात, १,९५० गेले. विकल्या, २,६०० आले, आणि उरलेले ५०, म्हणजे २,६५०. एका फेरीत ६५० चा फायदा. परत जा, आता ३५ बाहुल्या. परत, परत, परत. कधीतरी १८,००० जमणार, मग बाहुल्या सोडायच्या आणि गोळ्याच्या मागे लागायचं, एका गोळ्यामागे १२,००० सुटतात. काही खेळाडूंनी हे ओळखलं आणि रात्रभर या मशीनवरून त्या मशीनवर ये-जा करत बसले. सकाळी कारभाऱ्यांनी बघितलं तर जगातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झालेला!

भाचा लगेच म्हणाला, मामा मग त्यांना बॅन केलं असेल ना. मी म्हटलं नाही रे. तर म्हणाला, मग पैसे काढून घेतले असतील. तेही नाही. तो बघतच राहिला, कारण त्याच्या डोक्यात दुसरी शक्यताच नाही, आजकाल असं काही केलं की तासाभरात अकाउंट गेलं म्हणून समजा. हॅबिटॅटवाल्यांनी त्या खेळाडूंना आधी विचारलं की बाबांनो एवढे पैसे आले कुठून. त्यांचं उत्तर साधारण असं होतं की आम्ही हे रीतसर मिळवलेत, कसे ते सांगणार नाही, पण आमच्याकडे एवढे आहेत हे कृपा करून कुणाला सांगू नका. भाव अर्थातच दुरुस्त झाले. पैसे त्यांच्याकडेच राहिले. आणि त्या पैशांतून या लोकांनी आपणहून, कुणी न सांगता, बाकीच्या गावासाठी खजिना शोधायचे खेळ भरवले, बक्षिसं लावली, आणि लोकांना ते फार आवडले. म्हणजे बघा, कारभाऱ्यांनी आठवडे घालून बांधलेलं बेट आठ तासांत संपलं आणि मशीनचे भाव चुकल्यामुळे श्रीमंत झालेल्या चार लोकांनी गावाला करमणूक दिली. हे असं होईल हे कुणी आखू शकलं असतं का?

मला वाटतं मॉर्निंगस्टार आणि फार्मरचं मोठेपण इथेच आहे. चुका सगळ्यांच्याच होतात, पण यांनी झालेल्या गोष्टीकडे लगेच गुन्हा म्हणून न बघता आधी काय झालंय ते नीट बघितलं.

नेहमीच असं पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. डंजन ऑफ डेथ म्हणून एक भुयार होतं, त्यात मृत्यू नावाचं पात्र, ते कारभाऱ्यांपैकीच कुणीतरी चालवायचं. इतरांच्या बंदुकीच्या बारा गोळ्या लागल्या की माणूस मरायचा, मृत्यूच्या बंदुकीला एकच पुरायची. एक दिवस एका खेळाडूने मृत्यूलाच मारलं, आणि मेला की हातातली वस्तू तिथेच पडणार हा नियम सगळ्यांना सारखा, तर ती बंदूक पडली आणि त्याने उचलली. आता ही बंदूक बाहेर जाणं धोक्याचं. पहिली प्रतिक्रिया कारभाऱ्यासारखीच, परत दे नाहीतर अकाउंट जाईल. मग मात्र डोकी शांत झाली आणि विचार असा झाला की खेळातली अडचण खेळातच सोडवू. मग मृत्यूनेच खंडणी द्यायचं कबूल केलं, १०,००० टोकन, आणि देवाणघेवाण रीतसर झाली. त्या खेळाडूसाठी आणि बघणाऱ्यांसाठी तो एक सोहळाच झाला, आणि बंदूक परत आली.

चोऱ्यामाऱ्यांचा विषय तर फारच रंगला. सुरुवातीला तुमच्या हातातली वस्तू कुणीही हिसकावून पळू शकायचं, कुणीही कुणाला गोळी घालू शकायचं. मेलं म्हणजे कायमचं मेलं असं नाही, तुम्ही आपल्या घरात परत उभे राहणार, स्वतःचं डोकं स्वतःच्या हातात धरून, खिसे रिकामे, आणि हातात जे होतं ते मेलात तिथेच पडलेलं. डोकं हातात धरून घरात उभा असलेला तो बाहुला मी स्क्रीनवर बघितला तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग त्याची दया आली. लोक चिडले, त्यांच्यात दोन तट पडले. एक म्हणे हा खून आहे, बंद करा. दुसरे म्हणे हा खेळ आहे, मजा कशाला घालवता. मत घेतलं तर निम्मे इकडे निम्मे तिकडे. कारभाऱ्यांनी शेवटी मधला रस्ता काढला, शहरात बंदूक आणि चोरी चालणार नाही, शहराबाहेर रानात चालेल.

पण त्याआधी आणि त्याच्या बरोबरीने लोकांनी स्वतः जे केलं ते बघा. एक खेळाडू प्रत्यक्ष आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू होते, त्यांनी हॅबिटॅटमधलं पहिलं चर्च काढलं, ऑर्डर ऑफ द होली वॉलनट. त्याचा सभासद झाला की हत्यार बाळगायचं नाही, चोरी करायची नाही, मारामारी करायची नाही. मग शेरीफ निवडायची मागणी आली, निवडणूक झाली, उमेदवारांनी आपापलं म्हणणं मांडलं, वाद झाले, पेपरात छापून आलं. मग पुढचा प्रश्न की निवडला खरा, पण त्याला अधिकार काय द्यायचे, आणि त्यावर परत चर्चा. खऱ्या गावात जसं असतं तसंच, आधी माणूस निवडायचा आणि मग ठरवायचं की त्याने करायचं काय.

पेपर म्हटला तर द रँट. एक खेळाडू तो एकहाती काढायचा, आठवड्याला २० ते ४० तास घालायचा, आणि २०, ३०, कधी ५० पानांचा अंक काढायचा. त्या जगातल्या कागदावर, त्या जगातल्या बातम्या. कुणी पगार दिला नाही त्याला. मला नाशिकचे छोटे छोटे साप्ताहिकवाले आठवले, जाहिराती गोळा करायच्या, प्रुफं बघायची, अंक टाकायलाही स्वतःच जायचं, त्या जातीचा माणूस हा. कारभाऱ्यांनी नंतर जे लिहिलं त्यात खेळाडूंचे प्रकार सांगितलेत, बहुतेक लोक नुसते येऊन बसतात, त्यांना कुणीतरी काहीतरी करून दाखवावं लागतं, आणि थोडेच असे असतात की जे इतरांना उठवतात, कामाला लावतात. त्यांना त्यांनी मोटिव्हेटर म्हटलं. गाव चालतं ते या लोकांवर, म्हणून त्यांच्या हातात साधनं द्या, असं त्यांचं म्हणणं.

लग्नंही झाली. आणि लग्न झाल्यावर लगेच अडचण उभी राहिली की नवराबायकोला एका घरात राहायचंय आणि सिस्टिममध्ये एका अवताराला एक टर्फ, दोघांचं एक घर अशी सोयच नाही. कोड लिहिताना हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे घटस्फोटही झाला, वकिलांसकट.

या सगळ्यातून त्यांनी जे काढलं ते त्यांच्याच शब्दांच्या आसपास सांगायचं तर सगळं बारीकसारीक वरून आखणं अशक्य आहे, त्या फंदात पडूच नका. लोक काय करतायत ते बघा आणि त्यांना ते नीट करता येईल असं काहीतरी द्या. आमच्या ॲपमध्ये शेरा म्हणून एक मोकळा रकाना होता, फवारणीबद्दल काही जास्तीचं लिहायचं असेल तर. ऑक्टोबर छाटणी झाली की शेतकरी त्यात काय लिहायला लागले, तर कुठल्या मजुराने किती उचल घेतली, टँकर कितीला पडला, ट्रॅक्टर कुणाचा आणला. ऑफिसात एक मत असं होतं की हे बंद करा, रकान्यात फक्त औषधांची नावं निवडता येतील असं करा. मी हॅबिटॅटचं उदाहरण देऊन भांडलो. रकाना तसाच ठेवला आणि उचलीसाठी वेगळं पान दिलं, आज फवारणीच्या पानापेक्षा तेच जास्त उघडलं जातं. म्हणून माझ्यासाठी ही जुनी गोष्ट म्हणजे नुसती आठवणींची पोतडी नाही, मी रोज त्याच्यावर काम करतो.

हॅबिटॅट स्वतः मात्र टिकलं नाही. १९८६ ते १९८८ पर्यंत चाचणीच चालली, काही शे लोकांवर, आणि चालवायचा खर्च पेलणारा नव्हता म्हणून ते तसं पूर्ण उघडलंच नाही. त्याचं आटोपशीर रूप क्लब कॅरिब म्हणून १९८८ मध्ये क्यू-लिंकवर आलं. जपानात फुजित्सूने लायसन्स घेऊन १९९० मध्ये त्यांच्या एफएम टाउन्स मशीनवर फुजित्सू हॅबिटॅट आणलं, मग १९९५ मध्ये त्यातूनच वर्ल्ड्सअवे झालं. तो भाग मी इथे पळवतोय कारण तिथे मुख्यतः धंद्याचीच गोष्ट आहे. मॉर्निंगस्टार आणि फार्मर दोघांना २००१ मध्ये गेम डेव्हलपरांच्या संघटनेचा फर्स्ट पेंग्विन पुरस्कार मिळाला, जो धोका पत्करून पहिली उडी मारणाऱ्यांना द्यायचे.

पुढचं मात्र सावकाश सांगतो. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये व्हिडिओ गेमचं एक म्युझियम आहे, मेड नावाचं, त्यांनी हॅबिटॅट परत उभं करायचं मनावर घेतलं. जुना कोड शोधला, स्ट्रेटस मशीनची जुळवाजुळव केली, मॉर्निंगस्टार आणि फार्मर स्वतः त्यात होते. २०१६ मध्ये मूळ सोर्स कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, खुला झाला, कुणीही वाचा. आणि फार्मरच्या पुढाकाराने नियोहॅबिटॅट तयार झालं, ज्यात कमोडोरची बाजू जुनीच आहे पण सर्व्हर नव्याने जावा भाषेत लिहिलाय, एल्को नावाच्या सर्व्हरवर, आणि तो एल्को मूळचा मॉर्निंगस्टारचाच. तीस वर्षं जुना घरचा प्रोग्राम नव्या सर्व्हरशी बोलतो, आणि बोलू शकतो कारण त्यांच्यातलं बोलणं मुळात तेवढंच आहे, इथे झाड, तिथे दार, हा निघाला. चित्रं पाठवली असती तर हे असं जिवंत करणं किती अवघड गेलं असतं विचार करा.

मी ते व्हाइस नावाच्या एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या कमोडोरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवतो. निळी स्क्रीन येते, फिकट निळी अक्षरं, फ्लॉपी लोड व्हायला वेळ घेते, मग आपला टर्फ. जॉयस्टिकचं बटण दाबून धरलं की कर्सरभोवती चार क्रिया येतात, जा, घे, ठेव, कर, आणि बोलायचं असेल तर सरळ टाइप करायचं, शब्द वरच्या फुग्यात जातात. एवढ्या पाच गोष्टींवर ते अख्खं गाव चाललं होतं. बाहुला चालताना पाय जरा ओढल्यासारखे टाकतो, कडेला गेला की स्क्रीन रिकामी होते, थोडा वेळ काहीच नाही आणि मग पुढचा प्रदेश एकेक वस्तू करत उभा राहतो, ते बघायला मला अजूनही भारी वाटतं.

सध्या मी जुन्या कोडमधला वस्तू विकणाऱ्या मशीनचा भाग वाचतोय. भाच्याला त्या बाहुल्यांची किंमत कुठे आणि कशी ठेवत असतील ते बघायचंय, म्हणून रविवारी तो आणि त्याचे मित्र माझ्याकडे पाथर्डी फाट्याला येणार आहेत. पीएल-वन मलाही नवीनच आहे पण वाचता येतं, नावं स्पष्ट दिलीयेत. नाशकातल्या कुणाला यायचं असेल तर दुपारी तीननंतर या, येताना आपापला लॅपटॉप आणा, माझ्याकडे जॉयस्टिक एकच आहे.